खांद्यावरचा हात

गुरुवारी वाचनालयात मी स्कॅनर लावतो.
इमेरेतीतलं आमचं कोळशाचं गाव,
पुस्तकं न्यायला आता फारसं कुणी येत नाही,
फोटो घेऊन येतात:
रुमालात बांधलेले, औषधाच्या खोक्यात कोंबलेले,
एकानं तर छातीशी धरून फ्रेमच आणली, काचेसकट,
भिंतीतला खिळा अजून मागे लोंबत होता.

त्सियाला काकिया आली ती चहाचा पत्र्याचा डबा घेऊन.
एकतीस फोटो. मोजून दिले, मोजून घेईन म्हणाली.
मी एकेक काचेवर पालथा घालायचो,
झाकणाखालून उजेड सरकत जायचा
आणि ती दर वेळी डोळे मिटायची,
जणू फोटो आत्ता तिचाच निघतोय.

सव्विसावा अर्धाच होता.
सरळ रेषेत कापलेला, कात्री चांगली असणार.
बागेतल्या कारंज्यापाशी ती, विशीतली, ठिपक्यांचा फ्रॉक,
आणि तिच्या खांद्यावर एक हात.
मनगटापर्यंत. घड्याळासकट.
चार वाजून दहा मिनिटं.
पुढे कुणी नाही.

मी विचारलं नाही. तीच म्हणाली,
"हात कापायचा तर माझा खांदाही गेला असता."

कॉम्प्युटर नवा आहे, कुताइसीहून आलेला,
त्याला अर्धवट काही बघवत नाही.
कोपऱ्यातून त्यानं हळूच विचारलं:
उरलेलं चित्र भरून देऊ?
खरं सांगतो, बोट माझंच घसरलं.

आधी बाही आली. मग खांदा. कॉलर.
मग नुसतं चाक फिरत राहिलं,
बाहेर जेमालच्या टॅक्सीनं दोनदा हॉर्न दिला,
आणि तो उभा राहिला,
अख्खा माणूस,
केस मागे वळवलेले, बाहीवर कारंज्याचे तुषार,
हसत.

त्सियालानं चष्मा काढला, पुसला, लावला.
"हा कोण?"
कुणी नाही, म्हटलं. यंत्रानं अंदाजानं काढलाय.
ती वाकून बघत राहिली, तिच्या श्वासानं पडदा धुरकटला.
"याचे दात बघ, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे.
त्याचा पुढचा एक पडलेला होता,
हसताना हात आड धरायचा. हाच."
तिनं पडद्यावरच्या हाताला बोट लावलं.
"बाकीचा पूस."

पुसला.
फाइलला नाव काय देऊ?
इतरांची सोपी असतात: आजोबा, सैन्यात. मानानाचं लग्न. गाय.
ती म्हणाली, लिही,
सत्त्याहत्तरचा मे, चेरी आंबट निघाल्या,
त्यावरून भांडण, पण भांडण चेरींचं नव्हतंच,
फोटोवाल्याला पैसे मी दिले,
कात्री आईची, शिवणाच्या डब्यातली…
मी लिहीत गेलो.
यंत्र टुण्ण वाजलं: नाव फार लांब झालं.
मग एकेक शब्द खोडत उलटा निघालो.
कुठवर ठेवू?
"चेरी आंबट निघाल्या. तिथवर ठेव."

एकतीस मोजून घेतले, डबा लावला, गेली.

यंत्रात पुसलेलं लगेच जात नाही,
तीस दिवस टोपलीत पडून राहतं.
हे मी तिला सांगितलं नव्हतं. नातवानं सांगितलं असेल.
एकोणतिसाव्या दिवशी, शुक्रवारी, स्कॅनर झाकलेला,
ती दारात, पिशवीत अक्रोड.
"तो खोटा अजून आहे?"

आहे, म्हटलं. उद्यापर्यंत.

खुर्ची ओढून बसली.
तो तसाच हसत होता,
पुरे बत्तीस दात, वय पंचवीस,
ना आई, ना बाप, ना गाव, ना कधी कुणाशी भांडण.
ती अक्रोड फोडत राहिली,
अर्धे मला, अर्धे स्वतःला,
टरफलं माझ्या रजिस्टरवर.

पाच वाजता उठली. मला वाटलं,
आता म्हणेल, राखून ठेव.
किंवा म्हणेल, आत्ताच टाक काढून, माझ्यासमोर.
टरफलं ओंजळीत गोळा करत ती म्हणाली,
"राहू दे तसाच.
उद्या जाईल तर जाईल.
आपल्या हातानं नको."